आगर, अगर

म्हापशाच्या बाजारात, केळ्यांच्या ओळीच्या वर,
पहिल्या मजल्यावर सिप्रियानचं ऑफिस.
तो म्हणाला, नवं नाव कशाला घेतेस बाय,
हे बघ, लिलावात आलंय. आगरगोवा डॉट कॉम.
तेरा वर्षांचं जुनं. इंटरनेटवर वयाला मान असतो.
सोळा हजार आठशे.
त्याच्या मिठाच्या गोणी किती, ते मी मोजलं नाही.

आगरवाड्याला आमचं आगर, शापोऱ्याच्या काठाला.
फोटो काढले: लांब दांड्याची फळी ओढणारा फटू,
चुडतांनी झाकलेली रास,
माझा मिठानं चिरलेला तळवा.
हा शेवटचा सिप्रियानच्या हट्टानं. म्हणाला, खरं वाटतं.

मग शोधलं. नाव जसंच्या तसं टाकलं.
आलं काय, तर पेडण्यातलं एक रिसॉर्ट,
प्रयोगशाळेत जंतू वाढवायची कसलीशी जेली,
म्हैसूरच्या उदबत्त्या.
आम्ही नाही.
दुसऱ्या पानावर नाही, नवव्यावर नाही.
स्वतःच्याच दारात उभं राहून स्वतःला हाक मारावी
आणि शेजाऱ्यांनी ओ द्यावी, तसं.

सिप्रियान गप्प. मग त्यानं जुनी पानं उघडली,
कोण कुठे जपून ठेवतं देव जाणे.
रशियन लिपीतला जुगार.
पुरुषांच्या गोळ्या.
बिनकागदाचं कर्ज, पाच मिनिटांत.
आणि कुठल्या कुठल्या घरांतून चार हजार लिंका
आमच्या दाराकडे बोट दाखवणाऱ्या.
"पेनल्टी बसलीय," तो म्हणाला.
पेनल्टी मला ठाऊक आहे, माझे दोन्ही भाऊ खेळायचे.
पण इथे फाऊल करणारा कधीच मैदान सोडून गेला
आणि गोलात मी उभी.

जमीन घेताना एक-चौदाचा उतारा काढतो आपण,
कूळ आहे का, मुंडकार आहे का, विहिरीवर हक्क कुणाचा.
नावाचा उतारा काढायचं मला सुचलं नाही.

सगळ्यात तळाला पहिलं पान, फिकट पिवळं.
उदबत्त्यांच्या जुड्या हातात धरलेली एक बाई.
अगर गोवा. घरगुती, शुद्ध. कुंकळ्ळी. खाली फोन नंबर.
इंग्रजीत तिचा अ आणि माझा आ एकच दिसतो.

फोन लावला. लागला.
"अजून विचारतात लोक?" आवाज हसरा,
मग हसरा नाही.
"ते पैसे दर वर्षी हे भरायचे. हे मार्चात गेले.
नावालासुद्धा भाडं असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."
मागे टीव्ही चालू होता.
पुढे त्या नावावर काय काय झालं ते मी बोलले नाही.
उदबत्त्या करता का अजून, एवढंच विचारलं.
बोटं वळत नाहीत म्हणाली.

अर्ज केला कंपनीला, ती कुठल्या देशात बसते कोण जाणे.
त्यात एक रकाना: तुमच्याकडून काय चुकलं ते लिहा.
'माझ्याकडून नाही' असा रकाना नव्हता.
सिप्रियान म्हणाला, माफी मागून टाक, त्यांना आवडतं.
मागितली. जुगाराची, गोळ्यांची,
आणि हातासरशी त्या पाच मिनिटांच्या कर्जाचीही.

मी सातवीत असताना
माहेरी दिवाडीला खाजनाचा बांध फुटला.
एका भरतीत खारं पाणी आत आलं
आणि तीन वर्षं भात नाही.
बांध घातला, मानशीच्या फळ्या बदलल्या,
शेताचा तर काही दोषच नव्हता.
तरी मीठ जातं ते आपल्या मर्जीनं.
काका बांधावर उकिडवा बसायचा,
चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा,
थुंकायचा.
आम्ही पोरं तोंडाकडे बघत उभी.
"अजून आसा."

मीठ विकून जगणारी मी, मला हे कळायला हवं होतं.

आता सकाळी वाफ्यांत पाणी सोडण्याआधी
फोनवर एकदा नाव टाकते.
रिसॉर्ट. जेली. म्हैसूर.
बोट पदराला पुसते.
अजून आसा.