चौदा नंबरच्या खोलीतला कचरा

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी फ्रेंचची खोली माझ्या ताब्यात येते.
मॅडम हॅरिगन किल्ली देतात, म्हणतात,
सोमवारपर्यंत सगळं रिकामं, प्लीज.
त्या ओहायोच्या. फ्रेंच शिकल्या लियोंला, एका उन्हाळ्यात,
आणि चांगलं शिकल्या, खोटं कशाला बोलू.

यंदा आयफेल टॉवर नऊ.
आइस्क्रीमच्या काड्यांचे चार, स्पगेटीचे दोन,
त्यातला एक दमट हवेनं कमरेत वाकलेला.
साखरेच्या खड्यांचा एक पूल,
त्यावरून मुंग्यांची ये-जा, दोन्ही बाजूंनी, शिस्तीत.
बुटांच्या खोक्यात कॅफे. मेन्यूवर गोगलगाय, बारा युरो.
आमच्या गावात गोगलगाय कुणी खाल्लेली नाही.
इथे मेनच्या वरच्या टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो तिथे,
आम्ही बटाटे खातो.
सप्टेंबरात शाळा बंद ठेवून पोरं बटाटे वेचायला जातात,
परत येतात ती नखांत माती घेऊन.

टॉवर सरळ पिशवीत मावत नाहीत.
पाय देऊन बसवावे लागतात.
त्याचं मला वाईट वाटत नाही.

कोपऱ्यात टॅन्झी पेल्कीचं पिंप.
पेल्की म्हणजे मूळचे पेल्तिए;
तिच्या पणजोबांचं नाव गिरणीच्या मुकादमानं
जसं ऐकलं तसं वहीत मांडलं, आणि तेच राहिलं.
मार्चमध्ये या पोरीनं मला बादलीजवळ गाठलं.
मिस्टर सीर, बटाट्याला तुमच्या घरी काय म्हणायचे?
पुस्तकात आहे पॉम द तेर, मातीतलं सफरचंद.

मी आधी कॉरिडॉरमध्ये दोन्हीकडे पाहिलं.
वय वर्षं त्रेसष्ट, हातात पोछा,
आणि दोन्हीकडे पाहिलं.

चौथीत फळ्यापाशी उभं करून
मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही
हे माझ्याकडून दोनशे वेळा लिहून घेतलं होतं, इंग्रजीत.
एकशेचाळीसनंतर खडू संपला.
बाईंनी दुसरा दिला.
शब्द गिळायला मी तिथे शिकलो.

पतात, मी म्हणालो.
ती हसली नाही. लिहून घेतलं.
मग रोज एक: थंडीला फ्रेत, मोटारीला शार,
आणि चिखलात चाक रुतल्यावर माझा बाप जे म्हणायचा ते,
ते मात्र मी फक्त अर्धं सांगितलं.

आता हे पिंप. पुठ्ठ्याचं, वर पितळी रंग.
आत खरे बटाटे, अकरा,
प्रत्येकाला टाचणीनं एक चिठ्ठी,
चिठ्ठीवर एक शब्द.
कडेला मॅडमची पेन्सिल: कल्पना सुंदर.
हे शब्द मला कुठेच सापडले नाहीत. संदर्भ?
खाली टॅन्झीचं तिरकं अक्षर:
कॉरिडॉर, बादलीजवळ.

बटाट्यांना डोळे फुटलेत. एक मऊ पडलाय.
टाचण्या कचऱ्यात टाकता येत नाहीत,
पिशवी फाटते, हात फाटतो,
म्हणून एकेक काढत बसलो, मुलांच्या बुटक्या खुर्चीत,
गुडघे छातीपर्यंत.
मऊ पडलेला टाकला. दहा घरी नेले.

लिओनानं इंग्रजीत विचारलं, हे काय?
आमच्या घरात चाळीस वर्षं इंग्रजीच.
पोरांना त्रास नको म्हणून सुरू केलं,
पोरं बॉस्टनला गेली, इंग्रजी राहिलं.
पतात, मी म्हणालो.
तिनं पातेल्यात पाणी घेतलं.
बराच वेळ नळ चालू होता.

सालासकट उकडले. लोणी, मीठ.
गिळायची सवय माझी जुनी,
पण घाई केली. जीभ भाजली.
लिओना तेव्हा जे बोलली
ते अर्धं नव्हतं, पूर्ण होतं, अगदी माझ्या बापासारखं.

चिठ्ठ्या खिडकीत ठेवल्यात, त्यांच्यावर चमचा, उडू नयेत म्हणून.
सोमवारी खोली रिकामी होती,
मॅडमनी सांगितली होती तशी.