गड डाव्या हाताला

सोमवारी फाउंड्रीला सुट्टी.
पावणेसहाला शिवाजी पुलावर आदगोंडा माझ्या आधी हजर,
कानटोपी, पायजम्याच्या बुडाला ट्यूबची रबरी चकती,
कॅरियरला धपाटी न् लसणीची चटणी.
मी विचारतो, "कुठनं?"
तो ओठ वाचतो,
हनुवटीनंच सांगतो: मागनं.

पन्हाळ्याला जग पुढनं जातं,
वाघबिळाच्या वळणानं, काचा खाली करून, गाणी लावून.
आम्ही वडणग्याकडं वळतो.
निगवे. कुशिरे. ऊस, ऊस, पुन्हा ऊस,
मधेच एक गुऱ्हाळ, चुलवाणापाशी पेंगणारा पोरगा,
एक कुत्रं उठतं, विचार करतं, परत बसतं.
टायरखाली चिपाडं कचकचतात.
हा आवाज फक्त माझा.

तेवीस वर्षं आदगोंडा फेटलिंगला.
माल निवला की हातोडीचा एकच टोला
आणि कान पुढं:
घंटेगत वाजला तर पास,
भद्द झाला तर आत भेग.
डोळ्यांना न दिसलेल्या किती भेगा
त्यानं कानानं धरल्या.
मग डावा कान गेला. पुढच्या दिवाळीला उजवा.
आता गेटवर खुर्ची आहे, वही आहे,
गाड्यांचे नंबर लिहितो, सुवाच्य.

गिरोलीचा चढ.
तो उभा राहून पायडल मारतो, मी उतरून ढकलतो,
वर तो थांबलेला असतो, घाम पुसत, हसत,
आणि त्याच्यामागं गड,
पाठ करून बसलेल्या म्हशीसारखा.
तिकिटाची खिडकी नाही, कणसं नाहीत, घोडे नाहीत,
नुसती काळ्या तटाची कड
आणि तिच्यावर उगवलेलं काहीबाही.
पुढचे दोन तास ती म्हैस
आमच्या डाव्या हाताला राहते.
आम्ही सरकलो की ती जराशी कूस बदलते.

एका वाडीत माझी चेन पडली.
दारात बाई राखेनं भांडी घासत होती
घडीव दगडावर, हातभर जाड,
एका कोपऱ्यात उखळीएवढा खळगा.
कुठल्यातरी दरवाजाचा खुंट त्यात फिरला असणार.
आता त्यात घासणी ठेवलेली.
"मालकांच्या आज्ज्यानं आणलाय,
चार बैलं जुपून. वर पडूनच हुता की."
बघतो तर गोठ्याची पायरी तसलीच,
तुळशीखालचा चौथराही.
गड हळूहळू खाली राहायला आलेला.

आदगोंडानं पिशवीतनं पाना काढला.
मला वाटलं, चेनसाठी.
त्यानं दगडाला टोला दिला
आणि माझ्याकडं बघितलं:
"वाजला?"

नळ चालू होता. कोंबडं ओरडत होतं.
माझ्या कानाला काही कळलं नाही, कधीच कळलं नसतं.
मी मान हलवली.

त्याला पटलं नाही.
तो उकिडवा बसला,
पान्याचं एक टोक दगडाला टेकवलं,
दुसरं दातांत धरलं,
आणि डाव्या हातातल्या खड्यानं ठोकत गेला,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
डोळे मिटून.
बाईचा राखेचा हात तसाच हवेत.

"भेग हाय," तो म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्यानं.
"खळग्यापास्नं आत गेलीया. जुनी हाय. पर टिकंल."

"चार पिढ्या टिकलाय," बाई म्हणाली,
"आन् तुमी सांगाय आलायसा."
हे त्यानं ओठांवरनं वाचलं
आणि इतका हसला की पाना खाली पडला.
तो खणकन वाजला. मी ऐकलं.

उताराला तो पुढं.
रस्त्यावर चिटपाखरू नाही,
तरी प्रत्येक वळणाला घंटी मारतो.
अंगठ्यात येत असेल थोडीशी.
मी ब्रेक दाबत मागं,
तोंडात अजून लोखंडाची चव,
पाना मी दातांत धरून बघितला होता,
तो लघवीला गेला तेव्हा.
मला दगड लागला. नुसता दगड.

आंब्याखाली थांबून त्यानं पुडकं सोडलं.
धपाटी गार, चटणी कागदाला चिकटलेली.
खाताना दोघंही बोललो नाही.
गड आता मागं होता.