झडती

छत्तीस वर्षं मी रोज झडती दिली.
नाशिकरोडच्या प्रेसचं गेट,
भोंगा झाला की रांग,
हात वर, डबा उघडा,
डब्याचं फडकं झटकून दाखवा.
एकदा चपलेच्या तळाला चिकटून
कागदाची कातरण बाहेर आली,
नखाएवढी, कोरी.
तीन दिवस चौकशी चालली.

मी पासपोर्टच्या खात्यात होतो.
शिवण, कव्हर, नंबराची भोकं.
छत्तीस पानं मोजायची
अंगठा ओला न करता.
माझा स्वतःचा पासपोर्ट नाही.
जायचं कुठं होतं?
जेल रोडवरून निघायचं,
जेल रोडला परत.

रिटायर झालो त्याचे अठरा लाख
चेअरमनच्या पतसंस्थेत ठेवले.
त्यांनी स्वतः शाल घातली, नारळ दिला,
शेवंताला म्हणाले, वहिनी, आता निवांत.
नारळ खवट निघाला.
आम्ही शकुनबिकुन मानत नाही,
चटणी केली नाही एवढंच.

मग एका सोमवारी शटर अर्ध्यावर.
पेपरात आलं, पळाले.
पळाले कसले!
आदल्या आठवड्यात सत्यनारायण घातला,
प्रसाद वाटला,
गंगापूर रोडच्या बंगल्यातून
दोन गाड्या भरून सावकाश निघाले.
विमानतळावर पट्टा काढायला लावला असेल,
खिशातली नाणी ट्रेमध्ये ठेवली असतील.
एकशे चाळीस कोटींना
ते यंत्र वाजत नाही.

पासपोर्ट उघडला असेल कुणीतरी,
शिक्का मारला असेल.
शिवण पक्की होती,
तेवढं मी सांगू शकतो.

आर्थिक गुन्हे शाखेत बागूल साहेब
खुर्ची देतात, पाणी देतात.
फाईल वर गेलीय, म्हणतात.
वर म्हणजे?
त्यांचं बोट छताकडे जातं,
तिथं पंखा.
पहिल्या वर्षी त्या देशाच्या भाषेत भाषांतर हवं होतं.
ते झालं तर शिक्का पुसट.
शिक्का उमटला तर साहेब बदलले,
नवे साहेब पहिल्यापासून वाचणार.
यंदा म्हणाले, आरोपीचा पत्ता अपूर्ण आहे.

पत्ता?
दिवाळीनंतर चेअरमनच्या लेकीची लग्नपत्रिका
नाशकात पन्नासेक घरांत आली,
सोनेरी खोक्यातून, काजूसकट.
घर नंबर, गल्ली, पिनकोड,
समुद्राकडून यायचा रस्ता नकाशावर काढलेला.
आणि खाली:
कृपया आहेर आणू नये.

मी एक मिळवली, घेऊन गेलो.
बागूल साहेबांनी उलटीसुलटी केली.
कागद भारी आहे हो, म्हणाले,
तुम्हाला तर कळतच असेल.
कळत होतंच. बोटानंच कळतं.
त्यांच्या टेबलाखाली तसलाच एक खोका होता.
असेल, दुसऱ्या कुठल्या लग्नाचा असेल.

सापडला तो गोकुळ गुंजाळ.
पतसंस्थेचा पिग्मी एजंट,
बिटकोपासून देवळालीपर्यंत सायकलवर
दिवसाचे वीस-वीस रुपये गोळा करायचा.
त्याचा पत्ता पूर्ण होता.
सिव्हिलमध्ये आईच्या खाटेजवळ बसला होता,
तिथूनच नेला, रात्री दोनला.
त्यासाठी कुठल्या भाषेत काही लिहावं लागलं नाही.

आमच्या गच्चीवरून जेलची भिंत दिसते.
मुलाखतीच्या दिवशी त्याची बायको
शेवंताकडे पाणी प्यायला थांबते.
आमचे पैसे त्यानंच नेऊन भरले होते,
त्याविषयी कुणी बोलत नाही.
ती उठते, पदर सारखा करते,
शेवंता तिच्या पिशवीत दोन पेरू टाकते,
आत जाऊ देणार नाहीत हे माहीत असून.

परवा बागूल साहेबांकडून निघालो,
पुढची तारीख खिशात,
आणि दाराशी आलो तसे
माझे हात आपोआप वर गेले.
सवय.
स्टुलावरचा शिपाई हसला.
म्हणाला, जा काका, जा,
तुमच्याकडं काय असणार.