पन्नास हर्ट्झ

टांपेरेत, जुन्या सूतगिरणीच्या विटांखाली
माझं दुकान. डाख लावायची कामं.

याल्मारी आला तेव्हा बाहेर उणे एकवीस होतं,
गिटार त्याच्यापेक्षा नीट गुंडाळलेली.
"कॉम्प्युटरला ऐकूच येत नाही," म्हणाला,
जणू घरात कुणी आजोबा आहेत, कानांनी अधू.

खोटं नव्हतं.
तारेखालून निघतं ते मिलिव्होल्टांत मोजायचं,
मुंगीने उंबरा ओलांडावा तेवढं.
एक ट्रान्झिस्टर, चार रोध, नऊ व्होल्टची बॅटरी,
घशाच्या गोळ्यांची पत्र्याची डबी.
जोडलं.

आवाज वाढला.
सगळ्यांचाच वाढला:
सुरामागची खरखर, मॉनिटरची पिरपिर,
गल्लीतल्या विजेची गुणगुण,
बोट निसटलं ती चोरटी सर्रसुद्धा.
मोठं करणाऱ्याला आवडनिवड नसते.

मग त्याला स्टुलासकट फिरवलं.
थोडा डावीकडे. अजून. पाठ कर मॉनिटरला.
एका कोनात गुणगुण मिटली,
रडतं पोर कडेवर घेतल्यासारखी.
"घरी असाच कोन शोध," म्हटलं.

मार्चमध्ये बॅटरी बदलायला आला.
कोन सापडला होता,
पण नेमका बापाच्या खुर्चीसमोर.
दोघांचा अबोला दिवाळखोर कारखान्याइतका जुना;
कारण मी विचारलं नाही.
हा वाजवतो, तो पेपर वाचतो,
मध्ये दीड मीटर जमीन.

काल म्हणे, पान उलटता उलटता
त्याचा हात थांबला,
शेवटची तार विझेपर्यंत.

मी डबी बंद केली.
पैसे बॅटरीचेच घेतले.