ऋणनिर्देश

एकतीस कादंबऱ्या. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर,
वकील, निवृत्त फौजदार आणि मांजर यांच्यानंतर
माझं नाव: फ्रेझरबर्गचे औषधवाले ग्रेगर बुकन.
पहिल्या चार पुस्तकांत आडनाव चुकलेलं.

एल्स्पेथ गॉर्ले तेव्हा बर्फाच्या कारखान्यात
मासळीच्या पेट्यांचा हिशेब ठेवायची.
दुकान बंद करताना आली, मफलर नाकापर्यंत,
आणि खोकल्याचं औषध मागावं तशी म्हणाली,
"नवऱ्याला मारायचंय, पण सावकाश.
एकशे ऐंशी पानं तरी टिकला पाहिजे."

मग फोन. रात्री साडेनऊ, माझं ताट निवत.
बुडालेला माणूस थंड पाण्यात किती दिवसांनी वर येतो?
गोठलेलं बोट कापलं तर रक्त येतं का?
बायको म्हणायची, आलं तुझं प्रेत.
कधी मी मुद्दाम चुकीचं सांगायचो, थोडंसंच;
पुस्तक कोणाच्या हाती पडेल काय नेम.
तिला ते कळायचं. तिने कधी दुरुस्त केलं नाही.

पुढे विमानतळांवर तिच्या चळती लागल्या.
तिची मढी जपानीत, पोलिशमध्ये सापडू लागली.
तिने घर घेतलं दीपगृहाकडे तोंड केलेलं,
पण कोट तोच, कोपराला ठिगळ,
आणि सवय पेट्यांचीच:
दर प्रकरणात मोजून तीन हजार शब्द,
वर बर्फ.

गेल्या फेब्रुवारीत फोन आला.
प्रश्न नेहमीचाच. किती, आणि किती वेळात.
मी विचारलं, कोणाला मारतेस या खेपेला?
दर वेळी सांगायची. नाव, वय, बुटाचं माप.
या वेळी तारेत नुसता वारा.

पायात सपाता तशाच, मी गाडी काढली.
अकरा मैल.
दार उघडं. टेबलावर कप दोन.
"बावीस मिनिटं लावलीस," ती घड्याळ बघत म्हणाली,
"माझा औषधवाला चौदा मिनिटांत पोचतो.
बदलावं लागणार."
हसली. मी नाही.
किटली बराच वेळ शिट्टी घालत राहिली,
कोणी उठलं नाही.

बत्तिसावं पुस्तक आज टपालाने आलं.
मी शेवटचं पान आधी उघडलं.
वकील नाही, फौजदार नाही, मांजर मागेच गेलं.
औषधवाल्याचे आभार, एवढंच.
आतला औषधवाला बावीस मिनिटांनी पोचतो
आणि त्याला उशीर झालेला असतो.

साडेनऊ वाजून गेले.
या खेपेला मीच नंबर फिरवला.
पलीकडे वाजतोय.