झाडांचे नंबर

येझदी टेम्पोत टाकली असती
तर दीड हजारात कराडला पोचली असती.
तेजलला तिथं नोकरी लागली, तिला गाडी हवी होती, एवढंच.
पण आबा म्हणाले, चालवत न्हेऊ. आणि जुन्या रस्त्यानं.
जुना रस्ता आता आहे कुठं, सुधाकर म्हणाला.
जिथं हाय तिथं, आबा म्हणाले.

तर शिरवळहून पुढं येझदी,
हेल्मेटखालून भाचीची वेणी,
आणि मागं आमची अल्टो. मी चालवतेय.
मागच्या सीटवर सुधाकर, आई, आईच्या मांडीवर दशम्यांचा डबा.
शेजारी आबा,
बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं हजेरी कारकून,
काच खाली, कोपर बाहेर.

सहा पदरांनी जुना रस्ता गिळलाय.
उरलाय तो फाटक्या लुगड्याच्या काठासारखा,
गावात शिरताना थोडा,
पुलाच्या अंगाला थोडा,
ढाब्यामागं, टायरांच्या ढिगाशी थोडा.
आम्ही तेवढ्यासाठी उतरायचो, आणि लगेच संपायचा.

खंबाटकीच्या तिसऱ्या वळणावर येझदी बसली.
तेजलनं प्लग काढला, काचकागदानं घासला,
फुंकर मारली, परत बसवला.
आबा गाडीतून उतरले नाहीत.
फक्त म्हणाले, हात शिकलाय.

सुरूरच्या पुढं त्यांनी सुरू केलं.
दोनशे बारा, चिंच.
(तिथं पेट्रोल पंप.)
दोनशे तेरा, वड, रस्त्यावर कलता.
(तिथं फ्लेक्स, वाढदिवसाचा.)
दोनशे चौदा, जांभूळ, त्याच्याखाली गँगची भाकरी व्हायची.
आबा, झाडं नाहीत तिथं, सुधाकर हळूच म्हणाला.
मला काय दिसत न्हाई व्हय?
झाड गेलं. नंबर कुठं जातोय?

पाचवडजवळ चहाला थांबलो.
हॉटेलच्या पायरीला मैलाचा दगड पालथा घातलेला,
कडेला पिवळा रंग, अर्धा 'सा', वर साबणाचा फेस.
आबा त्यावर बसले, आणि चटका बसल्यासारखे उठले.
हॉटेलवाला भला माणूस. म्हणाला,
न्या की काका, डिकीत बसंल.
आबांनी दगडाकडं बराच वेळ बघितलं.
घरी ठेवून काय करू?
तिथनं काय कुठं किती लांब सांगणार त्यो?

साताऱ्याला कुणीच काही बोललं नाही. ट्रॅफिक होतं.

अतीतच्या अलीकडं रस्ता सरळ करताना
एक वळण बाजूला टाकलंय, दोन फर्लांगाचं.
डांबर उकललेलं, पलीकडं ऊस,
आणि दोन्ही अंगाला अकरा झाडं. खरीखुरी.
चुना उडालेला. गेरूचा पट्टा असला तर असला.
आबा उतरले. प्रत्येक बुंध्यावर तळवा ठेवत गेले,
म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.
एका वडावर आकडा वाचता आला.
तो त्यांनी मोठ्यानं म्हटला नाही.

परत आले आणि तेजलला म्हणाले, चावी.
आबा, तुमचा गुडघा, मी म्हणाले.
किक तेजलनंच मारली.
आणि कुणी काही विचारायच्या आत
आईनं डबा माझ्या हातात दिला,
पदर खोचला, आणि एका अंगानं मागं बसली.
छत्तीस वर्षं ह्या रस्त्यावर,
आणि तिला इथं एकदाही आणलं नव्हतं.
कशाला आणायचं, म्हणायचे, ड्यूटी हाय.

पहिल्या गिअरमध्येच गेले.
टोकाला, जिथं डांबर उसात शिरतं, तिथं
आबांनी रीतसर हात दाखवला, इंडिकेटर लावला,
त्या मोकळ्या रस्त्यावर, एका कुत्र्यासाठी,
आणि वळले.
आई उतरून म्हणाली, चालत लवकर आले असते.
तिचे कान लाल झाले होते.

मग पुन्हा हायवे. पुन्हा पुढं तेजल.
आबांनी लावलेला उजवा इंडिकेटर ती बंद करायला विसरली.
उंब्रजपर्यंत तो लुकलुकत होता,
उजवीकडं वळायला काहीच नसताना.
सुधाकर म्हणाला, हॉर्न दे तिला.
मी दिला नाही.