तारखेचं टेम्पलेट

गायत्रीनगर, बंगल्याचा वरचा मजला,
सात खुर्च्या, एक कूलर, त्यातला वाळा पार सुकलेला.
बाहेर सेहेचाळीस.
आम्ही लोकांची मासिकं एका रूपातून दुसऱ्या रूपात नेतो :
दंतवैद्यकाचं, मृदाशास्त्राचं,
एक तर निव्वळ मधमाश्यांचं.

प्रत्येकाला आपली स्टाइलशीट हवी,
आणि प्रत्येकीत तळटीप तीच, तारीख तीच,
लेखकाच्या नावाआधीची मोकळी जागाही तीच.
पाचदा लिहिलं. सहाव्यांदा हात थांबला.

सर्व्हरच्या तळाशी हेडाऊंची जुनी फाइल सापडली. नाव : काठ.
माथ्यावर मराठीत टिपण,
'हलवू नका. लागेल तिथे जोडा.'

जोडली, इन्क्लुडनं.
मशीन अडलं :
तळटीप नावाची दोन टेम्पलेटं, दोघांचा मान सारखा,
कोणाचं ऐकू?

मग इम्पोर्ट.
ती ओळ सगळ्यात वर लागते,
आपलं एकही टेम्पलेट मांडण्याआधी.
आधी त्यांना आत घ्यायचं, पाट द्यायचा,
मग त्यांच्यादेखत त्यांचं म्हणणं मोडायचं.
साडेतीनला मधमाश्यांच्या अंकात
तारखा माझ्या वळणाच्या उमटल्या.
बरं वाटलं. अगदीच नाही असं नाही.

तिसऱ्या दिवशी जोडअंक आला, मे-जून,
त्याला दिवसच नव्हता.
माझ्या नियमानं छापलं : शून्य मे.

हेडाऊंना ठाऊक होतं.
दिवस नसलेल्या तारखेसाठी त्यांनी तीन ओळी ठेवलेल्या,
मी न वाचताच झाकलेल्या.

अप्लाय-इम्पोर्ट्स म्हणून एक सोय आहे.
आपल्याच नियमाच्या मधोमध उभं राहून
ज्याला डावललं त्याला हाक मारायची :
तुमचं तुम्ही करा, मी फक्त भोवती कंस घालते.

संध्याकाळी गोळीबार चौकात गेले.
मागच्या खोलीत माग, त्यावर गव्हाची पोती.
हेडाऊ बनियनवर.
"माहा बा काठाचे पत्ते तेच ठेवे," म्हणाले,
"लुगडं बाईच्या मर्जीचं. मंग एका काठावर चाळीस लुगडे निंगत."

आणि त्या तीन ओळी, सर?

चहा बशीत ओतत राहिले.
"त्या माह्या नाही वं पोरी.
रायपूरची एक बाई होती, कुजूर.
तिच्या फाइलीतून म्या आणल्या.
तिनं कुठून, थे नाही इचारलं."

रात्री लॅपटॉप उघडला.
त्यांच्या टिपणाखाली लिहिणार होते, कुजूर,
पण हलवू नका म्हणालेत.
माझ्याच फाइलीत, इम्पोर्टच्या ओळीशेजारी लिहिलं,
पुढे एक प्रश्नचिन्ह,
आणि कूलरमध्ये पाणी ओतायला उठले.